पट्टीखालचं नाव

चार अर्ज टेबलावरच्या फाइलीत होते आणि पाचवा आत्याच्या पर्समध्ये. पाचव्याचं काय करायचं हे मंगळवारपासून तिचं ठरत नव्हतं. आता रविवारचे साडेदहा झाले होते, थोरल्या भावाच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे येऊन बसले होते आणि वहिनी चहा ओतत होती. ठरवायला फार तर तासभर उरला होता.

या बैठकीला घरात ‘आईचा रविवार’ म्हणत. कामावर जाणाऱ्या, तिशीच्या आतल्या, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या मुलींना हात द्यायला आईने संस्था काढली, आणि वर्षातून एक रविवार तिच्यासाठी बांधून ठेवला. कुणाला संध्याकाळच्या वर्गाची फी, कुणाला खोलीचं सहा महिन्यांचं भाडं, कुणाला वकिलाचा सल्ला. आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी रविवार चुकला नव्हता. पैसा सगळा घरच्या, विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्याचा, म्हणजे थोरल्याच्या हातातला. काम सगळं आत्याचं.

आईचे नियम तीनच. अर्जावर मुलीचं नाव आणि ती जिथे काम करते तिथलं नाव, दोन्हींवर पट्टी चिकटवायची. वाचताना ही कोण असेल याचा अंदाज बांधायचा नाही. आणि एकदा केलेली सही मागे घ्यायची नाही. पहिल्याच वर्षी ओळखीतल्या एका मुलीला मदत मिळाली होती आणि तिच्यापेक्षा गरजू पोर मागे राहिली होती. ते आईच्या फार मनाला लागलं. ‘नाव दिसलं की आपण पोरीला मदत करत नाही, ओळखीला करतो,’ असं म्हणून तिने कारखान्यातून तो पिवळा चिवट कागद मागवला, मोटारीत तारेच्या गुंडाळीखाली घालतात तो, आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. दुसरा नियम तर ती फारच कडक पाळायची. एकदा धाकट्याने ‘ही त्या बेकरीतली दिसते’ म्हटलं, तर तिशीच्या त्या बाप्याला तिने टेबलावरून उठवलं होतं. त्या दिवसापासून अंदाज न बांधण्याची सवय या घराच्या हाडात मुरली होती.

आईनंतर पट्ट्या आत्याच लावत होती. म्हणजे पट्टीखाली काय आहे हे जगात तिला एकटीला ठाऊक असायचं. आणि गेली चार वर्षं काही पट्ट्यांखाली त्यांच्याच कारखान्याचं नाव होतं.

पहिल्या वर्षी एकच अर्ज आला होता, खालच्या वाइंडिंगच्या, म्हणजे तार गुंडाळायच्या, हॉलमधला. आत्याने तो दोनदा डिंक लावून झाकला आणि मनाची समजूत घातली की मदत मिळाल्याशी मतलब. दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी तीन. दर वर्षी सगळ्यांनी हळहळून सह्या केल्या. दर वर्षी आत्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. थोरल्याला कळलं तर तो हात आखडता घेईल, संस्था बसेल, आणि ज्या पोरींनी विश्वासाने लिहिलं त्या पुढच्या सोमवारी कारखान्याच्या फाटकाबाहेर असतील, अशी तिला धास्ती होती. धास्ती खोटी नव्हती. पण चार वर्षं गप्प राहायला तेवढं कारण पुरतं का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

या वर्षी हॉलमधले दोन आणि वरून हा पाचवा. पाचवा मिठूचा होता. मिठू म्हणजे थोरल्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी बोलून बोलून घर डोक्यावर घ्यायची म्हणून ते नाव पडलं. आता सत्ताविसाव्या वर्षी ती दिवसात वीस शब्द बोलली तरी खूप. मंगळवारी ती आत्याच्या खोलीवर आली, टाइप केलेला अर्ज हातात दिला आणि म्हणाली, ‘आत्या, तुला रविवारी वाचावासा नाही वाटला तर नको वाचूस. मी समजेन काय ते.’ एवढं बोलून चहालाही थांबली नव्हती.

काय समजेल, हे आत्याला न सांगता कळलं होतं: आत्याही थोरल्याच्याच बाजूची.

पहिला अर्ज आत्याने वाचला, औषधाच्या दुकानात उभ्याने दहा तास काढणाऱ्या मुलीचा. दुसरा वहिनीने, छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या मुलीचा. दोन्ही मंजूर झाले, चहाचा दुसरा कप फिरला, आणि थोरला खुर्चीत मागे रेलून म्हणाला की आपण आहोत म्हणून या पोरी तग धरून आहेत, नाहीतर हे मालक लोक त्यांना चिपाडासारखं पिळून फेकतील. तो हे मनापासून बोलत होता. थोरल्याचं हेच अवघड होतं. त्याचे डोळे खरोखर भरून यायचे.

तिसरा अर्ज धाकट्याकडे गेला. धाकटा म्हणजे घरातला विदूषक. वाइंडिंगचा हॉल त्याच्या ताब्यात, आणि तिथेही म्हणे तो सगळ्यांना हसवतच ठेवायचा. त्याने चष्मा नाकावर चढवला, घसा साफ केला, शाळेच्या बाईंसारखा आवाज काढला आणि सुरुवात केली. मी पाच वर्षं तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळते. शेजारच्या रांगेतले पुरुष तेच काम करतात, त्यांना कारागीर म्हणतात, आम्हाला मदतनीस. दोन्ही पगारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या ओळीला त्याचा बाईंचा आवाज गळून पडला. तिसऱ्या ओळीला तो अडखळला, आणि एक वाक्य गाळून थेट शेवटाला गेला.

गाळलेलं वाक्य आत्याला पाठ होतं. ती मान खाली घालून चहा ढवळत राहिली.

“मंजूर,” थोरला म्हणाला. “बिचारी. कॉइलचं काम म्हणजे डोळ्यांची वाट. आपल्याला माहीत आहे ना ते.” मग सही करताना त्याने भावाकडे पाहिलं. “काय रे, तुझा आवाज का बसला?”

धाकटा म्हणाला, चहा गरम होता. मग त्याने आत्याला जरा बाहेर यायला सांगितलं. त्याच्या गाडीत तिच्यासाठी औषधाची पिशवी होती म्हणे. आत्याला कसलंच औषध चालू नव्हतं.

जिन्याजवळच्या बोळात, चपलांच्या फडताळापाशी दोघं उभी राहिली. धाकट्याच्या चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नव्हता.

“ताई, ही आपली आहे.”

“हो.”

“किती आहेत?”

“हॉलमधल्या या वर्षी दोन. चार वर्षांच्या मिळून आठ.”

त्याने कपाळाला हात लावला. आधी तो चिडला, तिने निदान त्याला तरी सांगायचं होतं म्हणून. मग त्याचं त्यालाच कळलं की सांगून त्याने काय केलं असतं. बायका मदतनीस आणि पुरुष कारागीर ही विभागणी त्याने केली नव्हती, पण वीस वर्षं त्याच कागदावर तो दरमहा सही करत होता. असंच चालत आलंय, असं तो पुटपुटला. शेवटी तो काकुळतीला आला. दादाला कळू देऊ नकोस, पुढच्या वर्षी मी काहीतरी करतो, हळूहळू करतो, माझा शब्द. दादा एकदा बिथरला की संस्थेला कुलूप ठोकेल आणि त्या दोघींना शोधून काढेल, तुला माहीत आहे.

माहीत होतं. पाचव्याबद्दल मात्र त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि आत्याने तो उघड केला नाही. कारण त्या अर्जात ज्या मुलाचा उल्लेख होता तो धाकट्याचाच मुलगा होता. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात आला, मिठूच्या हाताखाली ड्रॉइंग तपासायला शिकला, आणि गेल्या महिन्यात तिचा साहेब झाला. पोरगा वाईट नव्हता. त्याला जे मिळालं ते त्याने घेतलं, एवढंच.

“चल, आत बसू,” आत्या म्हणाली. “वहिनी वाट बघत असतील.”

चौथा अर्ज मिठूने वाचला, हॉलमधल्याच दुसऱ्या मुलीचा. तिने एकही शब्द गाळला नाही आणि आवाजही चढवला नाही. थोरल्याने पुन्हा हळहळ व्यक्त केली, जग कुठे चाललंय म्हणाला. तो गेली सहा-सात वर्षं हॉलमध्ये उतरला नव्हता. वरच्या मजल्यावर त्याची काचेची केबिन होती आणि खालचा आवाज वर येऊ नये अशी तिची बांधणी होती. पाचही जणांच्या सह्या झाल्या. धाकट्याने सही केली तेव्हा पेन दोनदा झटकलं.

“माझा कुठाय?” थोरल्याने विचारलं. दरसाल प्रत्येक जण एक तरी वाचायचा, आणि अध्यक्ष म्हणून शेवटचा त्याचा असायचा. फाइल रिकामी होती. “या वर्षी चारच? मला काही ठेवलंच नाहीस?”

आत्याने धाकट्याकडे पाहिलं. त्याने नकळत मान हलवली, नको म्हणून. मग तिने मिठूकडे पाहिलं. पोरगी कुणाकडेच बघत नव्हती. टेबलाच्या काचेवर पाण्याचा एक ओघळ होता, तो बोटाने पुसत बसली होती. नकार येणार हे आधीच धरून चाललेल्या माणसाची ती बसण्याची तऱ्हा आत्याने ओळखली, कारण ती तिची स्वतःची होती. एकोणिसाव्या वर्षी बाबांनी तिला हॉलच्या हजेरीपटावर बसवलं. सकाळची हजेरी, कॉइलची मोजणी, महिनाअखेर पगाराची पाकिटं, एकतीस वर्षं सगळं तिने केलं. तिला पाकीट नव्हतं. तिला हातखर्च मिळायचा, सणासुदीला थोडा जास्त. एकदाच, पंचविशीत, तिने विचारलं होतं. तेव्हा नुकत्याच खुर्चीवर बसलेल्या दादाने दिलेलं उत्तर ती कधी विसरली नाही, आणि त्यानंतर तिने पुन्हा विचारलंही नाही. त्या गप्प बसण्याचा तिला आयुष्यभर राग होता. आज पहिल्यांदाच तो राग दादावर नसून स्वतःवर आहे हे तिला कळलं.

तिने पर्स उघडली.

“आहे एक. पर्समध्येच राहिला होता.”

मिठूचं बोट काचेवर थांबलं.

थोरल्याने अर्ज हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि वाचायला लागला. त्याचं वाचन चांगलं होतं. शाळेत बक्षिसं मिळाली होती.

“‘मी तीन वर्षं एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग तपासते. माझ्यानंतर एक मुलगा लागला. त्याला काम मी शिकवलं. आता तो माझा साहेब आहे आणि त्याचा पगार माझ्या दुप्पट आहे. मी मालकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तुझ्यावर घर थोडंच चालतंय?’”

वहिनी पाचव्या कपात चहा ओतत होती. चहा बशीत सांडला, बशीतून टेबलावर आला, तरी तिचा हात थांबला नाही. हे वाक्य तिने ऐकलं होतं. याच टेबलाशी, ह्याच आवाजात, तीन आठवड्यांपूर्वी. आता तोच आवाज तेच वाक्य कुण्या परक्या मालकाचं म्हणून वाचत होता आणि त्याला ते ओळखू येत नव्हतं. तिने किटली खाली ठेवली, फडकं घेतलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत सावकाश काच पुसू लागली.

थोरला वाचतच होता. अर्जदाराच्या बरोबरच्या बायका कारागिराचं काम करून मदतनिसाचा पगार घेतात, हेही त्यात होतं. आणि शेवटी, कोणती मदत हवी या रकान्यात, लिहिलं होतं: “‘मला पैसे नकोत. संस्थेने माझ्या मालकांना एक पत्र लिहावं. एका कामाला एक हुद्दा आणि एक पगार, एवढंच. मी तोंडी सांगून पाहिलं आहे. कागदावर आलं तर कदाचित ते वाचतील.’”

त्याने कागद खाली ठेवला.

“याला माणूस म्हणायचं? जिने शिकवलं तिच्याच डोक्यावर आणून बसवलं? आणि वर तिला सांगतो, तुझ्यावर घर चालत नाही? अरे, मग त्या पोराच्या पगारावर चालतं का?” त्याने पेन ओढलं आणि कागद फाटेल अशी सही ठोकली. “पत्र मी लिहिणार. अध्यक्ष या नात्याने. आजच.”

धाकटा ताठ बसला होता. ‘त्याला काम मी शिकवलं’ या वाक्याला त्याची मान मिठूकडे वळली होती ती अजून तशीच होती. त्याने घाईघाईने सुरू केलं की आपण आजवर पत्रं पाठवलेली नाहीत, आईच्या वेळीही नाही, एकदा पायंडा पडला की मालक लोक आपल्या अंगावर येतील, त्यापेक्षा पोरीला चार पैसे देऊ. थोरल्याने त्याला उडवून लावलं. सज्जनाने गप्प बसायचं आणि दुर्जनाने मिरवायचं का, असा त्याचा सवाल होता.

वहिनीने हात पुसले आणि पेन घेतलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ती नेहमी सगळ्यांत शेवटी सही करायची, नवऱ्याचा अंदाज घेऊन. आज तिने कुणाकडे न बघता सही केली आणि पेन धाकट्यापुढे सरकवलं.

“करा भाऊजी,” ती म्हणाली. “किती वेळ लागतो?”

धाकट्याने केली. आत्याने केली. मिठूने कागद परत सरकवला, माझी सही नको म्हणाली.

“का गं?” थोरला दुखावला गेला. “एवढं वाचून तुला काहीच वाटत नाही? तू स्वतः ड्रॉइंगवरच काम करतेस. तुझ्या जागी ती असती तर?”

मिठूने पेनला टोपण घातलं. इतकं जवळ येऊनही माणसाला दिसू नये, याला काय म्हणावं ते आत्याला कळेना. मग तिला उमगलं की यात दादाचा एकट्याचा दोष नाही. आईने शिकवलं होतं ओळखू नका, आणि तिने स्वतः पट्ट्या लावून लावून ते शिक्षण पूर्ण केलं होतं.

“बरं, पत्ता सांग,” थोरला म्हणाला. त्याने कोरा कागद समोर ओढला होता. “पत्र पाठवायचं तर कुठल्या कारखान्याला ते कळायला हवं. पट्टी काढ.”

आजवर पत्त्याची गरजच पडली नव्हती. मदत आत्या परस्पर पोचती करायची. आईच्या नियमांत पत्राचा विचार नव्हता, त्यामुळे पट्टी काढू नये असंही कुठे म्हटलेलं नव्हतं.

“तूच काढ, दादा,” आत्या म्हणाली. “खालची फक्त. नावावरची नको.”

त्याने नखाने पट्टीचा कोपरा उचलला. कागद चिवट होता, डिंक पक्का होता. पट्टी एकदम निघाली नाही, थोडी थोडी सुटत गेली, आणि त्याच्या स्वतःच्या कारखान्याचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकेक करून वर आलं.

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि नाव पुन्हा वाचलं. मग त्याचा हात वरच्या पट्टीकडे गेला. आत्याने त्यावर पंजा ठेवला.

“ती नाही.”

“राहू दे आत्या,” मिठू म्हणाली. “तो माझा आहे, बाबा.”

थोरला ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो ओरडला नाही, उलट आवाज खाली गेला, आणि त्याची भीती जास्त वाटली.

“हे घरात बोलता आलं असतं.”

“बोलले ना. तीनदा. तिसऱ्यांदा आई इथेच होती.”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती नेहमीप्रमाणे सारवासारव करेल, पोर जरा तापट आहे म्हणेल, याची तो वाट बघत होता.

“होते मी,” वहिनी म्हणाली. “हेच वाक्य होतं. तुम्ही आत्ता वाचलंत तेच.”

तो बहिणीकडे वळला. तुला माहीत होतं? पट्ट्या मीच लावते, ती म्हणाली. मग एका दमात तिने सगळं सांगितलं, चार वर्षांचे आठ अर्ज, त्यातलेच आजच्या फाइलीतले दोन, आणि हेही की झाकून ठेवण्यात तिची चूक झाली, ती तिला मान्य आहे. सांगताना तिने मान खाली घातली नाही.

“म्हणजे चार वर्षं तुम्ही मला मूर्ख बनवलंत,” थोरला म्हणाला. “माझ्याच पैशावर, माझ्याच घरात. ठीक आहे. उद्यापासून संस्थेला कारखान्याचा छदाम मिळणार नाही. बघू आईचा रविवार कसा चालतो.”

“दादा, तो पैसा येतो कुठून?” आत्याने विचारलं. “पोरींच्या पगारातून आधी काढून घेतो आणि त्यांनी अर्ज केला की त्यातलाच थोडा त्यांना परत देतो. वर सह्या करून हळहळतो. बंद करायचं तर कर. पण त्याला आईचं नाव लावू नकोस.”

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, संपलं. संस्था गेली, पोरी गेल्या. थोरला उठून खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती. तो परत आला तेव्हा धंदेवाईक माणसाचा चेहरा घेऊन आला होता. बरं, तो म्हणाला, मिठूचं मी करतो. आणि त्या दोघींची नावं दे. त्यांचाही पगार वाढवतो, उद्याच्या उद्या. प्रकरण इथेच मिटवू. बाकी हॉलमध्ये ब्र जाता कामा नये.

आत्याला मोह झाला, खोटं कशाला सांगायचं. दोन पोरींचा पगार उद्यापासून वाढणार होता, संस्था वाचत होती, भाऊ दुरावत नव्हता. दोन पट्ट्या उचलायच्या, एवढंच. तिने मिठूकडे पाहिलं. मिठूने खांदे उडवले नाहीत, मानही हलवली नाही. निर्णय आत्याचाच होता आणि तो तिने घ्यावा म्हणून ती थांबली होती.

आत्याने फाइलीतले दोन अर्ज काढून समोर मांडले. दोन्हींवरची खालची पट्टी काढली. कारखान्याचं नाव दोन्हीकडे उघडं पडलं. वरच्या पट्टीला तिने हात लावला नाही.

“नावं मिळणार नाहीत.”

“अगं, मी त्यांचं भलंच करतोय.”

“कर ना. पण नाव न बघता. नियम आईचा आहे.”

“नाव नाही तर पगार कुणाचा वाढवू?”

“दादा,” धाकटा मध्येच म्हणाला. त्याने आपण वाचलेला अर्ज उचलला, आणि या वेळी कुठलाही आवाज न काढता गाळलेलं वाक्य वाचलं. “‘कॉइलवरचं वॉर्निश सुकवायची भट्टी आमच्या बाजूला आहे आणि खिडक्या कारागिरांच्या बाजूला.’ हे मघाशी मी खाल्लं. खरं आहे ते. भट्टी तिथे मीच बसवली. हॉलमध्ये बासष्ट बायका आहेत, बासष्ट जणी कॉइल गुंडाळतात, आणि यातली एक कोण ते मला रोज बघूनही सांगता येणार नाही. तुला तर अजिबातच नाही. मग दोघींचा कसा वाढवणार? बासष्ट जणींचा वाढवावा लागेल.” तो थांबला, आणि सवयीने त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं. “आई भारी होती हां.”

कुणी हसलं नाही, पण टेबलावरचा ताण जागचा हलला. थोरला भावाकडे, बहिणीकडे, बायकोकडे, मुलीकडे असं आळीपाळीने बघत राहिला. तो एकटा पडला होता, आणि घरात एकटं पडण्याची त्याला सवय नव्हती. सगळ्यांचा पगार म्हणजे किती, कारखान्याला झेपेल का, असं तो दोनदा म्हणाला. धाकट्याने सांगितलं, झेपेल, ओढाताण होईल पण झेपेल. आकडे उद्या आणतो. माझ्या पोराशीही बोलतो, तो म्हणाला, आणि हे बोलताना त्याने मिठूकडे बघायचं टाळलं नाही.

“मी सही परत घेतो,” थोरला म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

वहिनीने कपाटातून संस्थेच्या नावाचा छापील कागद आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. सही मागे घेता येत नाही हे तिने बोलून दाखवलं नाही. तिने फक्त पेनचं टोपण काढून दिलं.

तो लिहायला बसला. पहिल्यांदा तारीख घातली. मग पत्ता, स्वतःचाच. मायन्यापाशी अडला, तसा मिठूने हळूच ‘महोदय’ लिहा म्हटलं, आणि त्याने खरंच लिहिलं. पुढचं त्याने कुणाला विचारलं नाही. अक्षर नेहमीसारखं झोकदार येत नव्हतं. एका कामाला एक हुद्दा, एक पगार, हे त्याने अर्जावरून जसंच्या तसं उतरवलं. भट्टीचं आणि खिडक्यांचंही लिहिलं. सगळे बघत होते आणि कुणीच उठत नव्हतं.

आत्या कप गोळा करायला लागली. तिला रडू येत होतं आणि ते तिला या खोलीत नको होतं.

“तू कधी लागलीस?” थोरल्याने तिला विचारलं. त्याने मान वर केली नव्हती.

“कुठे?”

“कारखान्यात. तारीख सांग. हजेरीपटात असेल ना?”

“हजेरीपट मी लिहायचे, दादा. त्यात माझं नाव कधी नव्हतं.”

पेन कागदावर टेकून राहिलं. शाईचा बारीक ठिपका पडला. त्यालाही आठवलं असावं, पंचविशीतल्या बहिणीने काय विचारलं होतं आणि मिठूला दिलं तेच उत्तर त्याने तिलाही दिलं होतं; निदान आत्याला त्याच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं.

“मग अंदाजे सांग,” तो म्हणाला.

“अंदाजे कशाला,” आत्या म्हणाली. कप तिने परत टेबलावर ठेवले. “पाच मार्च, सोमवार. सकाळी आठ वाजता. लिही.”